‘दुर्घटना’ या शब्दाआड: अमोनियम नायट्रेटची शंभर वर्षे

१/ बेरूतच्या स्फोटानंतर अमोनियम नायट्रेट हा क्षार जगभर खलनायक ठरला. वस्तुतः तो निरुपद्रवी दिसणारा, पाण्यात सहज विरघळणारा पांढरा क्षार आहे. त्यात सुमारे ३५ टक्के नायट्रोजन, म्हणून उत्तम खत. सहा टक्के डिझेल मिसळले की खाणीतील खडक फोडणारे स्वस्त स्फोटक. इंधन, आग व कोंडमारा यांपासून दूर ठेवल्यास तो स्वतःहून कोणाच्या वाटेला जात नाही. तरीही प्रत्येक स्फोटाला ‘दुर्घटना’ म्हणण्याची रीत आहे.

२/ ओपाउ, जर्मनी, २१ सप्टेंबर १९२१. अमोनियम सल्फेट-नायट्रेटच्या मिश्र खताचा ढीग दगडासारखा घट्ट होई. तो सुटा करण्यासाठी कारखान्यात चक्क सुरुंग लावत. हजारो वेळा काही झाले नाही, हाच सुरक्षिततेचा पुरावा मानला गेला. त्या सकाळी पाचशेहून अधिक माणसे मेली.

३/ टेक्सास सिटी, १६ एप्रिल १९४७. ‘ग्रँडकॅम्प’ जहाजात सुमारे २,३०० टन नायट्रेट: मेणाचा लेप दिलेले, कागदी पोत्यांत भरलेले. मेण आणि कागद, दोन्ही इंधनेच! पोत्यांवर धोक्याची सूचना नव्हती. आग लागली तेव्हा माल भिजू नये म्हणून पाण्याचा मारा टाळला गेला. झाकणे बंद करून आत वाफ सोडली गेली. परंतु प्राणवायू या क्षाराच्याच अंगी असतो. बाहेरची हवा तोडून ही आग विझत नाही, उलट उष्णता कोंडते. किमान ५८१ मृत्यू. हे खत सरकारी योजनेतील होते; तरी १९५३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी सरकारला दायित्वातून मुक्त केले.

४/ बेरूतमध्ये तर अज्ञानाची सबबही उरत नाही. ‘रोसस’ जहाजातून २०१३ मध्ये आलेले २,७५० टन नायट्रेट पुढे बंदराच्या १२ क्रमांकाच्या गोदामात पडून राहिले. ते हलवावे, म्हणून सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी वारंवार पत्रे लिहिली. कागद फिरत राहिले, पोती तिथेच. ४ ऑगस्ट २०२० रोजी दोनशेहून अधिक लोक मेले. ही दुर्घटना नव्हे, दप्तरदिरंगाईने केलेली मनुष्यहत्या होय.

५/ आपल्याकडे? अमोनियम नायट्रेटसाठी स्वतंत्र नियम २०१२ पासून आहेत. तरीही २०१५ मध्ये चेन्नईत जप्त झालेला सुमारे ७०० टन साठा शहराजवळच्या गोदामात राहिला. बेरूत हादरल्यानंतर काही दिवसांतच तो हैदराबादकडे रवाना होऊ लागला.