पर्फंक्टरी म्हणजे पाट्या टाकणे!

जीआरईसाठी इंग्रजी शब्द पाठ करताना मराठी अर्थ लिहायचाच नाही, इंग्रजीतच विचार करायचा, असं क्लासवाले सांगतात. माझी भाची पनवेलहून लोकलमध्ये बसली की सीएसएमटीपर्यंत तशीच यादी घोकते. मला हे अजिबात पटत नाही.

अहो, ‘पर्फंक्टरी’ म्हणजे पाट्या टाकल्यासारखं! ‘पार्सिमोनियस’ म्हणजे चिक्कू, ‘गॅरुलस’ म्हणजे बडबड्या. एकदा अशी ओळख पटली की शब्द डोक्यातून जात नाही. मोल्सवर्थसाहेबाने १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी कोश काढला, तो या दोन भाषांची गाठ घालायलाच ना? आणि इंग्रजीला तरी कुठे सोवळं आहे? त्यांचा ‘मंगूस’ आपलाच मुंगूस!

जीआरईनेसुद्धा २०११ मध्ये विरुद्धार्थी शब्दांचे सुटे प्रश्न बंद केले. आता शब्द वाक्यात बसवावा लागतो. म्हणजे अर्थाची छटा कळायला हवी, आणि ती आधी आपल्या भाषेत कळते.

तेव्हा मंडळी, घरात कुणी जीआरई देत असेल तर वहीत मराठीचा एक रकाना आखून द्या. परदेशी जाताना तेवढीच मराठी सोबत जाईल.