पुनः तेंच युद्ध

एकदां शेवटास नेलेला खेळ पुनः आरंभापासून खेळत बसणें हा निव्वळ कालापव्यय होय, असें आमच्या सेलूंतील पुष्कळ वडीलधाऱ्यांचें मत आहे. संगणकावरील युद्धाच्या खेळांविषयीं तर तें विशेष जोरानें मांडण्यांत येतें. आम्हांस तें सर्वांशीं मान्य नाहीं. ज्या घरांत प्रतिवर्षीं गुरुचरित्राचें पारायण होतें, त्या घरानें तरी ‘कथा ठाऊक असतां पुनः कशाला?’ असें विचारूं नये.

आमचा नातू सध्यां जो खेळ दुसऱ्या खेपेस खेळत आहे, त्याचें नांव ‘स्टारक्राफ्ट’. अमेरिकेंतील ब्लिझार्ड या कंपनीनें तो १९९८ सालीं काढिला. म्हणजे खेळ मुलाहून वयानें वडील आहे. २०१७ सालापासून त्याची मूळ आवृत्ति विनामूल्य मिळूं लागली. बुद्धिबळांत आपली खेळी झाली कीं प्रतिपक्षाची वाट पाहावयाची असते. येथें तसा अवकाश नाहीं. खनिजें खणणारे मजूर, छावण्यांची उभारणी, शत्रूचा हल्ला, सर्व एकाच वेळीं चालूं. आपण विचारांत गढलों कीं तेवढ्यांत गोट लुटला जातो. खेळाचे भाग तीन व प्रत्येकांत दहा प्रसंग. पहिल्यांत आपण मनुष्यांचे सेनापति, दुसऱ्यांत झर्ग नांवाच्या किड्यांसारख्या झुंडीचे, तिसऱ्यांत प्रोटॉस या प्राचीन व मानी जातीचे.

पहिल्या खेपेस जेथें तीस शिपाई कामास आले, तेथें आतां नातवाचें पांचांत भागतें. ही उजळणीची करामत. तिचें आम्हांस फारसें कौतुक नाहीं. आमचें लक्ष वेधलें तें पहिल्या भागांतील नवव्या प्रसंगानें.

बंडखोरांचा नायक मेंग्स्क हा यंत्राच्या योगें झर्गांची धाड मुद्दाम वैऱ्याच्या टार्सोनिस या राजधानीच्या ग्रहावर ओढून आणितो. तींत अडथळा करणाऱ्या प्रोटॉसांस हटविण्याकरितां तो केरिगन या आपल्याच सेनानायिकेस पाठवितो, आणि काम होतांच तिला तेथें टाकून ताफ्यासह निघून जातो. रेनॉर नांवाचा तिचा सहकारी परोपरीनें विनवितो. कोणी ऐकत नाहीं. ती झर्गांच्या हातीं सांपडते.

पहिल्या खेपेस हें अकस्मात् घडलें होतें. या खेपेस नातवास सर्व ठाऊक. त्यानें केरिगनला छावणीच्या अगदीं आंत उभें केलें, भोंवतीं निवडक शिपायांचा वेढा दिला, वाटेवर मोर्चे बांधिले. प्रोटॉसांची अखेरची इमारत उरली तेव्हां त्याचा हात थांबला.

“आजोबा, ही पाडलीच नाहीं तर?”

“न पाडून पाहा,” आम्ही म्हणालों.

त्यानें बराच वेळ पाहिलें. खेळ पुढें सरेना. हरावें तर तोच प्रसंग पुनः; जिंकावें तर केरिगन गेली. शेवटीं त्यानें ती इमारत पाडिली आणि तोंडांतून अक्षर काढिलें नाहीं.

पारायणांतला श्रोता निर्दोष असतो. सीतेचा त्याग रामानें केला. आपण तो केवळ ऐकिला. येथें हात आपला. भवभूति हा आपल्या विदर्भांतील पद्मपूरचा कवि. उत्तररामचरिताच्या सातव्या अंकांत तो प्रत्यक्ष रामासच प्रेक्षक करून बसवितो व त्याच्यासमोर त्यक्त सीतेचें नाटक करवितो; स्वतःच्या कृत्याचें फळ पाहून राम मूर्च्छित होतो. आम्ही शाळेंत हें सांगूं लागलों कीं मुलें हंसत; रडावयाचें होतें तर त्याग केला कशाला, असें विचारीत. नातवास तें विचारावें लागलें नाहीं.

पुढें दुसरा भाग लागला. आतां आपण झर्गांकडचे, आणि आरंभींचें काम एका कोशाच्या रक्षणाचें. केरिगन त्याच कोशांत आहे, व ती बाहेर येणार तीही झर्गांची होऊन. नातवानें भोंवतीं लागत होते त्याहून कितीतरी अधिक पहारे बसविले. आमच्या धाकट्या सूनबाई मागें उभ्या राहून पाहत होत्या. “शत्रूच्या अंड्याला एवढी राखण?” त्यांनीं विचारलें. “काकू, आंत ती आहे,” एवढेंच तो बोलला.

वाल्मीकीच्या उत्तरकांडांत सीता भूमिगत होते. भवभूतीनें तें तसें राहूं दिलें नाहीं. त्यानें दोघांचें मीलन घडविलें. स्टारक्राफ्टच्या कर्त्यांनींही २०१० सालीं पुढचा खेळ काढिला, आणि त्यांत रेनॉर केरिगनला पुनः मनुष्यरूपांत आणितो. मध्यें बारा वर्षें गेलीं. नातवानें तो खेळ अद्याप पाहिलेला नाहीं. घरचा संगणक त्याला पुरा पडत नाहीं. वार्षिक परीक्षा आटोपल्यावर पाहूं, असें आम्ही त्यास सांगितलें आहे.