शर्यत मुलांची, घाई मोठ्यांची

आपल्या मॉरिशसमध्ये बर्फ पडत नाही. पायांना स्की बांधून बर्फावर मैलोन्‌मैल धावण्याची शर्यत आपल्या मुलांच्या वाट्याला येणार नाही, हे उघड आहे. तरीही या खेळात अग्रेसर असलेल्या नॉर्वे देशाकडून पालकांनी आणि आम्हा शिक्षकांनी एक धडा घ्यावा असे आम्हांस वाटते.

हा खेळ दमाचा आहे. पाय, पाठ आणि दंड एकाच वेळी राबतात आणि हृदयाची पुरी कसोटी लागते. चौदा वर्षांच्या मुलांत बहुधा पुढे राहतो तो लवकर वयात आलेला मुलगा. उंची वाढली, दंड भरले, की हातांतील काठ्यांचा रेटाही वाढतो. एकाच वर्गातील दोन मुलांच्या शारीरिक वाढीत दोन-तीन वर्षांचे अंतर असू शकते. मग मागे राहिलेल्यास कच्चा कसे म्हणावे?

नॉर्वेच्या क्रीडा महासंघाने १९८७ साली मुलांच्या खेळासाठी नियम केले. मूल ज्या वर्षी ११ वर्षांचे होते, त्याआधी निकालाची क्रमवारी लावायची नाही. १३ व्या वर्षाआधी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा नाही. लहानांना बक्षीस द्यायचे, तर ते सर्वांना द्यायचे.

कोणी म्हणेल, अशाने मुले आळशी होतील. पण सुमारे ५५ लाख वस्तीच्या या देशाने २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये १६ सुवर्णपदके मिळवली. इतकी दुसऱ्या कोणत्याही देशाला मिळाली नाहीत. हे केवळ नियमांमुळे घडले असा आमचा दावा नाही. बर्फ, पैसा आणि जुनी परंपरा त्यांच्याकडे आहेच. मात्र नियमांनी त्यांचे खेळाडू मागे पडले नाहीत, एवढे खरे. त्यांचा योहानेस क्लेबो किशोरवयात अंगाने लहानखुरा होता, म्हणून त्याने तंत्रावर मेहनत घेतली. त्याच क्लेबोने २०२५ च्या ट्रॉन्डहाइम येथील जागतिक स्पर्धेत सहापैकी सहा शर्यती जिंकल्या. अव्वल खेळाडू वर्षाला ७०० ते ९०० तास सराव करतात, आणि त्यातला बराचसा संथ गतीचा असतो. असा दम वर्षानुवर्षे मुरावा लागतो.

आपल्याकडे क्रीडादिन संपताच घरी पहिला प्रश्न येतो, "कितवा आलास?" दोन-तीनदा शेवटचा आलेला मुलगा पुढे मैदानाकडे फिरकत नाही. ज्या बेटावर पाच प्रौढांमागे सुमारे एकाला मधुमेह आहे, तेथे मुलांची धावण्याची हौस दहाव्या वर्षीच मारणे आपल्याला परवडणार नाही.

म्हणून आमची विनंती आहे. प्राथमिक शाळेत प्रत्येक मुलाला धावू द्यावे आणि त्याची वेळ त्याच्याच गेल्या वर्षीच्या वेळेशी ताडून पाहावी. एका शर्यतीवरून संघ निवडू नये. आणि पालकहो, घरी विचारायचेच असेल तर एवढेच विचारा, "बाळ, मजा आली का?"