स्वस्त पोळीचा खर्च कुणाच्या माथी?

१२ मे २०२२ रोजी केंद्राने गव्हाला गिऱ्हाईक शोधायला नऊ देशांत शिष्टमंडळे धाडण्याची घोषणा केली आणि दुसऱ्याच दिवशी गव्हाची निर्यात बंद केली. युक्रेनच्या युद्धाने जगात भाव चढले होते, मार्चच्या उष्म्याने दाणा बारीक पडला होता. बंदीचे समर्थक म्हणतात, आधी देशाचे पोट. कबूल. पण त्याचे पैसे कोणी भरायचे?

दुसरे म्हणणे असे, की तोवर बराच माल व्यापाऱ्यांकडे गेला होता. शेतकऱ्याचे काय बिघडले? व्यापारी घाट्याचा धंदा करत नाही. सरकार कधी दार लावील याची धास्ती तो पुढच्या हंगामाच्या बोलीतून वजा करतो. त्यात जून २०२३ मध्ये साठामर्यादा आली. घाऊक व्यापाऱ्याला ३००० टनांची मुभा होती, ती फेब्रुवारी २०२४ पर्यंत ५०० वर आणली. माल ठेवायचीच चोरी, तर सुगीत चढी बोली लावणार कोण?

तिसरे म्हणणे, हमीभाव आहे ना! २०२२ मध्ये तो क्विंटलला २०१५ रुपये होता आणि बाजार त्याच्या वर. शेतकऱ्यांनी साहजिकच बाजार गाठला. सरकारी खरेदी ४३३ लाख टनांवरून १८८ लाखांवर घसरली. गहू हवा होता, तर बाजारभाव मोजायला हवा होता. भाव चढला की बंदी, हे ठरून गेले तर हमीभावाच्या वरचे चार पैसे शेतकऱ्याच्या हाती लागायचे कधी?

रेशनवर सुमारे ८० कोटी लोक अवलंबून आहेत. सरकारी साठा हवाच. तो रास्त भावाने विकत घ्या. मध्य प्रदेशाने २०२५ मध्ये २४२५च्या हमीभावावर १७५ रुपये बोनस दिला. तिथली खरेदी सुमारे ४८ लाख टनांवरून ७८ लाखांच्या घरात गेली. पीक चांगले होते हे खरे; पण भाव मिळाला म्हणूनच ते खरेदी केंद्रावर आले. निर्यात आवरायचीच, तर रातोरात बंदी नको. आधी जाहीर केलेले चढते शुल्क लावा. अन्न महामंडळाचा गहू खुल्या बाजारात कधी आणि किती उतरणार, तेही हंगामाआधी सांगा.

तो बोनस किलोमागे पावणेदोन रुपये पडतो. उन्हाळ्यात वर्षाचा लोकवन किंवा सिहोर भरून ठेवणाऱ्या पुण्या-मुंबईच्या घरांना तेवढी वाढ सोसेल. न सोसणाऱ्यांसाठी रेशन आहे, आणि त्याचा खर्च तिजोरीने करायचा, शेतकऱ्याने नव्हे.