बॅटरी जगवायची तर चार्ज कंट्रोलर पारखून घ्या



लाईट जाण्याला कंटाळून आपल्या वस्त्यांमधूनही आता पत्र्यावर, स्लॅबवर सौर पॅनेल दिसू लागली आहेत. मुलांचा अभ्यास अडू नये म्हणून कुणी भिशीचे पैसे घालते, कुणी बचत गटातून कर्ज उचलते. पण चौकशी होते ती पॅनेलच्या वॅटची आणि बॅटरीच्या कंपनीची. या दोहोंच्या मधली छोटी पेटी, म्हणजे चार्ज कंट्रोलर, दुकानदार देईल ती घेतली जाते. पॅनेल वीस-पंचवीस वर्षे टिकते. पुन्हा पुन्हा खर्चात टाकते ती बॅटरी, आणि तिचे आयुष्य या पेटीच्या हाती असते.

लेड-ॲसिड बॅटरी दोन कारणांनी लवकर मरते. जादा चार्ज झाली की पाणी उडते आणि आतल्या प्लेटा झिजतात. उलट, वारंवार पार रिकामी झाली किंवा अर्धवट चार्ज राहिली की प्लेटांवर सल्फेटचा थर कडक होतो आणि ती पूर्वीइतका चार्ज धरत नाही. 12 व्होल्टच्या बॅटरीसाठी चांगला कंट्रोलर साधारण 14.4 व्होल्टला चार्ज पुरा करतो, मग 13.6 ते 13.8 वर सांभाळून ठेवतो. बॅटरी फार उतरली की त्याला जोडलेले दिवे तो बंद करतो. नेमके आकडे बॅटरीच्या कंपनीच्या कागदावरून पाहावेत.

खरेदी करताना चार गोष्टी विचाराव्यात.

पहिली, बॅटरीचा प्रकार निवडता येतो का? ट्युब्युलर, पाणी न लागणारी आणि लिथियम यांचे व्होल्टेज वेगवेगळे असते.

दुसरी, अँपिअर पुरेसे आहेत का? पॅनेलच्या मागे शॉर्ट सर्किट करंट लिहिलेला असतो, त्याला सव्वाने गुणावे. 160 वॅटची, 12 व्होल्ट बॅटरीसाठीची दोन पॅनेल समांतर जोडली तर हा करंट सुमारे 19 अँपिअर. सव्वापट म्हणजे जवळजवळ 24. म्हणून कंट्रोलर 30 अँपिअरचा घ्यावा, 20 चा नव्हे.

तिसरी, पीडब्ल्यूएम की एमपीपीटी? 36 सेलचे पॅनेल आणि 12 व्होल्टची बॅटरी असेल तर स्वस्त पीडब्ल्यूएम चालतो. घरांवर बसवतात ती 60 किंवा 72 सेलची मोठी पॅनेल असतील तर एमपीपीटीच हवा, नाहीतर निम्म्याच्या आसपास वीज वाया जाते. एमपीपीटीचे नुसते लेबल लावून पीडब्ल्यूएम विकणारेही आहेत. भर उन्हात, बॅटरी उतरलेली असताना, पॅनेलच्या टर्मिनलवर मीटर लावून पाहावे. आकडा बॅटरीइतकाच, म्हणजे 13 च्या आसपास आला, तर तो पीडब्ल्यूएम समजावा.

चौथी, तापमानानुसार व्होल्टेज बदलते का? उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात पारा 45 अंशांवर जातो. अशा उष्णतेत चार्जिंगचे व्होल्टेज थोडे कमी लागते. ही सोय नसेल तर बॅटरीचे पाणी लवकर आटते.

एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. इन्व्हर्टर थेट बॅटरीला जोडतात, त्यामुळे कंट्रोलरचे दिवे बंद करणारे संरक्षण त्याला लागू पडत नाही. बरेच इन्व्हर्टर साधारण 10.5 व्होल्टपर्यंत बॅटरी ओढतात. तोवर ती पार रिकामी झालेली असते. म्हणून इंडिकेटर उतरू लागला की पंखा, टीव्ही बंद करून एक दिवा ठेवावा. घरातल्या सर्वांना हे सांगून ठेवावे.

जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. सोडवताना आधी पॅनेल, मग बॅटरी. हा क्रम मोडला तर कंट्रोलर जळू शकतो. चार्ज होताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून ती हवेशीर जागी ठेवावी आणि जवळ मेणबत्ती-अगरबत्ती लावू नये. महिन्यातून एकदा पाण्याची पातळी पाहावी. पाणी घालायचे ते डिस्टिल्डच, नळाचे नव्हे.

दुकानात जाताना हे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. उत्तर मिळेपर्यंत पैसे काढू नयेत. पक्के बिल आणि गॅरंटी कार्ड घेतल्याशिवाय दुकान सोडू नये. कष्टाचा पैसा आहे, तेव्हा विचारण्यात लाज कसली?