पाहिलंय कुणी?

परवा रविवारी माझी एक जुनी विद्यार्थिनी कॅम्पातल्या आमच्या घरी आली. आता तिचीच मुलगी दहावीत आहे, तिलाही सोबत आणलं होतं. चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मग ती एकदम म्हणाली, "बाई, तुम्ही मला एकदा वर्गाबाहेर उभं केलं होतं. आठवतंय?"

मला कुठलं आठवायला! पंचवीस वर्षं होऊन गेली. तिला मात्र काल घडल्यासारखं आठवत होतं. मी फळ्यावर वाकलेल्या माकडापासून ताठ माणसापर्यंत एक रांग काढली होती. हिने हात वर करून विचारलं, "बाई, माणूस माकडापासून झाला, तर सप्तशृंग गडावरची माकडं अजून माकडंच कशी?" वर्ग खो खो हसला, आणि आगाऊपणा करते म्हणून मी तिला बाहेर काढलं.

मैत्रिणींनो, खरं सांगू? ती आगाऊ नव्हती. मलाच उत्तर येत नव्हतं. आणि फळ्यावरची ती रांगच मुळात चुकीची होती.

परवा तिच्या लेकीने तोच प्रश्न विचारला. या वेळी मी नीट सांगितलं. बघ, तू काही तुझ्या चुलत बहिणीपासून जन्मली नाहीस. तुमचे आजोबा एक. आजोबांच्या दोन मुलांचे दोन संसार झाले, म्हणून तूही आहेस आणि तीही आहे. माणूस आणि चिंपांझी यांचंही तसंच. साधारण साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी दोघांचा पूर्वज एक होता, पुढे वाटा वेगळ्या झाल्या. गडावरची माकडं तर त्याहून लांबच्या नात्यातली. डार्विनने 'आजचं माकड माणूस झालं' असं म्हटलेलंच नाही. ते आमच्यासारख्या शिक्षकांनी म्हटलं!

"पण बाई, हे पाहिलंय कुणी?" पोरगी आईच्या वरताण निघाली.

हाच प्रश्न जानेवारी २०१८ मध्ये आपल्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, एका वैदिक संमेलनाच्या निमित्ताने गाजला होता. तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले होते की, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिल्याचं आपल्या पूर्वजांनी कुठेच सांगितलेलं नाही, डार्विनचा सिद्धान्त चुकीचा आहे, तो शाळा-कॉलेजात शिकवू नये. देशातल्या तिन्ही मोठ्या विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून त्याचं खंडन केलं. मला मात्र गंमत वेगळीच वाटली. सिंहसाहेब पूर्वी मुंबईचे पोलीस आयुक्त होते. चोर चोरी करताना कुणी पाहिला नाही म्हणून पोलीस फाईल बंद करतात का? बोटांचे ठसे, पायाचे माग, घरात सापडलेला माल, सगळं एकाच माणसाकडे बोट दाखवायला लागलं की कोर्टही मानतं.

उत्क्रांतीचे असे ठसे आपल्या अंगावरच आहेत. अक्कलदाढ घ्या, जबड्यात जागा नसताना उगवते आणि रडवते. पाठीच्या कण्याच्या टोकाला जे हाड आहे, त्याला आपल्या आज्या-पणज्यांपासून 'माकडहाड' म्हणतात. पोटातल्या गर्भाला पाचव्या-सहाव्या आठवड्यात चक्क छोटं शेपूट असतं, ते पुढे विरून जातं.

आणि पाहिलंय कुणी म्हणाल, तर आपल्या कसमादे पट्ट्यातल्या कापूसवाल्या बायांनी पाहिलंय! २००२ साली बीटी कापूस आला, बोंडअळी मरायला लागली, सगळे खूश. पण हजारो अळ्यांत एखादी अशी निघायची, जिला ते विष बाधत नव्हतं. बाकीच्या मेल्या, ती जगली आणि तिचीच पिलावळ वाढत गेली. गुजरातेत हे आधी लक्षात आलं. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातल्या कापूसवाल्यांना गुलाबी बोंडअळीने रडवलं. डोमकळ्या वेचून हात दुखले, बोंड फोडलं तर आत अळी. अळीने काही ठरवून अंगात बळ आणलं नव्हतं. जी टिकली तिची लेकरं उरली, इतकंच. उत्क्रांती ती हीच. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची बिगर-बीटी पुडी मिळायची ना, ती कडेने पेरायला सांगायचे ते यासाठीच, की साध्या अळ्याही शिल्लक राहाव्यात आणि त्यांच्याशी संकर होऊन विष पचवणाऱ्यांचं घराणं माजू नये. कितीजणांनी ती पुडी पेरली? आमच्या माहेरी तर ती बांधावर फेकून दिली होती.

एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. ए. रंगा राव नावाचे भूवैज्ञानिक होते. त्यांनी काश्मीरमधून जीवाश्म असलेले दगड गोळा केले होते. ते गेले. दगड त्यांच्या पत्नीने सांभाळून ठेवले आणि पुढे अभ्यासासाठी थेविसन नावाच्या शास्त्रज्ञाला दिले. साफ करताना मदतनिसाच्या हातून एक कवटी चुकून फुटली, आणि आत कानाचं हाड दिसलं ते देवमाशाच्या कानासारखं! प्राणी तर लहानशा हरणाएवढासुद्धा नाही. त्याचं नाव इंडोह्यूस. २००७ मध्ये हे जगापुढे आलं. देवमाशाचे पूर्वज जमिनीवर चालत होते, या साखळीतली एक कडी एका बाईने जपून ठेवली होती. आपण असतो तर दिवाळीच्या साफसफाईत ते दगड कुठे गेले असते, विचारू नका.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर माझाच खोटेपणा होईल. विज्ञानवाल्यांनीही लबाडी केलेली आहे. १९१२ साली इंग्लंडमध्ये 'पिल्टडाऊन मानव' सापडल्याचा गाजावाजा झाला. कवटी माणसाची आणि जबडा ओरांगउटानचा, डाग पाडून जुना केलेला. चाळीस वर्षं भलेभले फसले. १९५३ मध्ये ते उघडकीला आलं, आणि आणलं शास्त्रज्ञांनीच. आपली चूक आपणच चव्हाट्यावर मांडायची ही रीत मला त्यांच्याकडून घ्यावीशी वाटते.

उलट बाजूला काय होतं? २०१९ च्या जानेवारीत जालंधरच्या सायन्स काँग्रेसमध्ये आंध्र विद्यापीठाचे तेव्हाचे कुलगुरू म्हणाले, दशावतार हा डार्विनपेक्षा सरस सिद्धान्त आहे. मी रोज देवापुढे दिवा लावते. मत्स्य, कूर्म, वराह मलाही प्रिय आहेत. पण दुसऱ्याने कष्टाने शोधल्यावर 'आमच्याकडे होतंच की' म्हणायचं, याला पुरावा म्हणत नाहीत. देवालाही ते आवडत नसणार.

शेजारच्या आपा उर्दू शाळेतून निवृत्त झाल्या. त्यांच्या वर्गातही हा धडा आला की कुजबुज व्हायची. त्या मुलींना सांगायच्या, "ईमान तुमचं आहे, ते पेपरात कुणी तपासत नाही. पण पेपरात लिहाल ते समजून लिहा, घोकून नको." माझ्यापेक्षा त्या चांगल्या शिक्षिका होत्या, हे आज कबूल करते.

निदान त्यांच्या मुलींपुढे धडा तरी होता. माझ्या विद्यार्थिनीच्या जावेचा मुलगा सीबीएसईतून गेल्या वर्षी दहावी झाला, त्याच्या पुस्तकात उत्क्रांतीच नव्हती. एनसीईआरटीने २०२३ च्या पुस्तकांतून ती काढली. ओझं कमी करायचं म्हणाले, आणि बारावीच्या जीवशास्त्रात ठेवली हेही खरं. पण दहावीनंतर कॉमर्सला, आयटीआयला जाणाऱ्या किंवा लग्न होऊन जाणाऱ्या मुलीला ती कधी भेटणार? अठराशेच्या वर शास्त्रज्ञ-शिक्षकांनी पत्र लिहून विरोध केला होता. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग दोनमध्ये मात्र पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. एकाच ओट्यावर जेवणारी दोन भावंडं, एकाला हे माहीत आणि एकाला नाही.

निघता निघता त्या पोरीने चपला घालतानाच विचारलं, "आजी, मग सगळ्यात पहिला जीव कशातून झाला?"

मी म्हटलं, "याचं पूर्ण उत्तर अजून शास्त्रज्ञांकडेही नाही. मला तर अर्धंही येत नाही." तिने वहीच्या शेवटच्या पानावर प्रश्न लिहून घेतला. पुढच्या रविवारी परत येणार आहे. तोवर मला वाचायला बसायचंय.