पेरूची करंजी

करंजीच्या सारणात काय काय असतं ते आठवून पाहा. सुकं खोबरं, भाजलेला रवा, खसखस, तीळ, चारोळी, पिठीसाखर, हात सढळ असला तर खवा. फळ नाही. फार तर चार बेदाणे. आंबा, पेरू, चिकू, अननस एवढं सगळं पिकवणाऱ्या मुलखात करंजीनं फळाला दाराबाहेर का ठेवलं असेल? याचं उत्तर कढईत आहे.

फळात पाणी असतं. शंभर ग्रॅम पेरूत ऐंशी ग्रॅमच्या आसपास पाणीच. फळ भरलेली करंजी तापल्या तेलात सोडली की पाण्याची वाफ होते, आणि ती नेमकी मुरडीतून वाट काढते. करंजी उकलते, सारणातली साखर तेलात उतरून जळते, आणि पुढचा प्रत्येक घाणा काळपट निघतो. शिवाय दिवाळीचा फराळ पंधरा दिवस डब्यात टिकायला हवा. ओल्या नारळाची करंजी त्याच दिवशी संपवतात, मग पेरूची काय कथा! तेव्हा आपल्या आज्या-पणज्यांनी सारण कोरडं ठेवलं ते अगदी विचार करून.

हाच विचार अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या बायकांनीही केला होता. तिकडे घरोघरी ‘फ्राइड पाय’ तळतात, आकारानं थेट आपल्या करंजीसारखे. त्यात सफरचंद किंवा पीच घालायचे, पण उन्हात वाळवून ठेवलेले, मग शिजवून घट्ट केलेले. मॅकडोनाल्ड्सची ॲपल पायसुद्धा अमेरिकेत १९६८ पासून तळलेलीच मिळायची. १९९२ मध्ये ती भाजायला लागले. माझं म्हणणंही तेवढंच आहे. कढई उतरवा, ओव्हन लावा, आणि आपल्याच करंजीत आपल्याच गावचं फळ भरा. आता ओव्हन खूप घरांत असतो. केक सोडला तर वर्षभर त्यावर आच्छादन घातलेलं असतं, हे बघवत नाही.

आमच्या हुबळी-धारवाडात भाजलेल्या गोड पदार्थांची कमी नाही. १८९८ साली बेंगळुरूच्या चिकपेटेत बी. बी. बेकरी निघाली आणि तिथून पुढे अय्यंगार बेकऱ्या राज्यभर पसरल्या. त्यांचं दिलपसंद खाल्लं नाही असं पोर इकडे सापडायचं नाही. दोन चकत्यांच्या मध्ये खोबरं, साखर, काजूचा तुकडा आणि लाल-हिरवी टुटीफ्रुटी. मला ते फार आवडतं. पण त्यातलं फळ म्हणजे कच्च्या पपईचे पाकात मुरवून रंगवलेले तुकडे. चव साखरेची, काम रंगाचं. आणि इथल्या बेकऱ्यांपासून काही मैलांवर नवलूर आहे!

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. हुबळीहून धारवाडला जाताना वाटेत नवलूर लागतं आणि तिथला पेरू या भागात नावाजलेला आहे. थंडीत रस्त्याकडेला बायका बुट्ट्या घेऊन बसतात. “सिही अदावरी, तगोरी,” (गोड आहेत, घ्या) असं म्हणत एक पेरू चिरून हातावर ठेवतात, मीठ-तिखट लावून. रस्ता रुंद झाला, मधून बीआरटीएसची चिगरी बस धावायला लागली, बागांच्या जागी प्लॉट पडले. तरी बुट्ट्या दिसतात आणि दिसल्या की मी थांबते. पेरू मूळचा अमेरिका खंडातला, पोर्तुगिजांबरोबर इकडे आला, पण आता त्याला परका कोण म्हणेल? लखनौ-४९ म्हणून जी जात देशभर गेली तीसुद्धा पुण्याच्या गणेशखिंडीतल्या बागेत डॉ. चीमा यांनी १९२७ साली निवडलेली. त्याच पोर्तुगीज वाटेवर गोव्यात नाताळाला पेराड होते, पेरूच्या गराची वडी. तिकडे क्यूबात पेरूचा घट्ट गर पापुद्र्याच्या पिठात भरून भाजतात आणि सकाळच्या कॉफीबरोबर खातात. म्हणजे पेरू आणि पापुद्रा यांची सोयरीक जगानं आधीच जुळवून ठेवली आहे. आपल्याकडे साट्याची करंजी असताना आपण मागे का राहावं, हे मला खरंच कळत नाही.

आता कृती. यातलं नव्वद टक्के काम सारणाचं आहे.

किलोभर पेरू घ्या, पण सगळे पिवळेधमक नकोत. पेरू पिकत जातो तसं त्यातलं पेक्टिन कमी होतं, आणि गर घट्ट धरणारं तेच. म्हणून निम्मे घमघमणारे पिकलेले, निम्मे जरा करकरीत. चिरून, वाटीभर पाणी घालून झाकण ठेवून मऊ शिजवायचे आणि पुरणयंत्रातून फिरवायचे. जाळी बारीकच लावा, जाड जाळीतून बिया सरळ खाली येतात. गर लोखंडी कढईत घालू नका, पेरूतल्या टॅनिनमुळे तो काळवंडतो. जाड बुडाची स्टीलची कढई उत्तम. पेराडला जवळजवळ गराच्या वजनाइतकी साखर लागते, कारण तिला महिनाभर टिकायचं असतं. आपल्याला दोन दिवस पुरे. तेव्हा किलोभर पेरूंना तीनशे ग्रॅम साखर आणि एका लिंबाचा रस. लिंबू चवीसाठी आहेच, पण आंबटपणाशिवाय पेक्टिन नीट धरत नाही हे त्याहून महत्त्वाचं.

मग मंद आचेवर ढवळत राहायचं. सुरुवातीला गर रटरटतो आणि थेंब उडतात. ते हातावर चिकटून भाजतात, म्हणून लांब दांड्याचं उलथनं आणि कोपरापर्यंत बाह्या. हळूहळू आवाज बदलतो. बुडबुडे मोठे, आळशी होतात, फुटताना ‘भक’ करतात. रंग फिक्या पिवळ्यावरून विटकरीकडे झुकतो. परदेशी पुस्तकात लिहिलेलं असतं की एकशे चार-पाच अंशांवर जॅम जमतो. ते समुद्रकाठच्या माणसांसाठी. हुबळी साधारण साडेसहाशे मीटर उंचीवर आहे, इथं पाणीच अठ्ठ्याण्णवच्या सुमारास उकळतं, त्यामुळे आपला आकडा दोनेक अंशांनी खाली येतो. आकड्यापेक्षा उलथनं खरं. कढईच्या बुडाला रेघ ओढली आणि ती मिटली नाही, गोळ्यानं कडा सोडल्या, की उतरवा. चिमूटभर मीठ, थोडी मिरपूड, वाटलं तर वेलची. मी वेलची घालत नाही, नवलूरच्या पेरूला स्वतःचा वास पुरेसा आहे. सारण पूर्ण गार होऊ द्या. कोमट सारण तुपाला वितळवतं आणि सगळा साटा बसतो.

पारीबद्दल एक गोष्ट समजून घ्यायला हवी. तळणीच्या करंजीला आपण कडकडीत मोहन घालतो. ते पिठाच्या कणाकणाला लागतं, मुठीत पीठ वळतं, आणि करंजी खुसखुशीत होते. भाजायच्या करंजीला उलटं करा. तीनशे ग्रॅम मैद्यात पन्नास ग्रॅम थिजलेलं तूप बोटांच्या टोकांनी चोळा, मटारएवढ्या गुठळ्या तशाच राहू द्या, मीठ घाला आणि गार दुधानं घट्ट भिजवा. हे काम थंडीत करण्याचं कारणही हेच. डिसेंबर-जानेवारीत हुबळीत तूप आपसूक रवाळ थिजतं. एप्रिलमध्ये ते ओट्यावरच पातळ होतं आणि फ्रीजशी भांडावं लागतं.

साटा नेहमीचाच. पाऊण वाटी तूप तळहातानं फेसायचं, त्यात तीन-चार चमचे तांदळाची पिठी. पाण्यात थेंब टाकला तर तरंगला पाहिजे. तीन पोळ्या लाटायच्या, प्रत्येकीवर साटा, एकीवर एक, घट्ट गुंडाळी, आणि सुरीनं लाट्या कापायच्या. कापलेली बाजू वर ठेवून हलक्या हातानं दाबून लाटलं की पारीवर पापुद्र्यांची वलयं दिसतात. सीकेपी घरांतले खाजाचे कानवले करणाऱ्या बायकांना हे शिकवायला जायची गरज नाही, त्यांचा हात माझ्यापेक्षा कितीतरी हलका. तेलात हे पापुद्रे फुलासारखे उमलतात. ओव्हनमध्ये तेवढे उमलत नाहीत, कारण तुपात पाणी नसतं. लोण्यात सोळा टक्क्यांच्या आसपास असतं आणि त्याची वाफ पापुद्रे उचलते. म्हणून विलायती पफला लोणी लागतं. पण तुपाचे पापुद्रे खरपूस होतात, सुटे होतात आणि दुसऱ्या दिवशीही मऊ पडत नाहीत. मला तरी तेच हवं असतं.

प्रत्येक पारीवर चमचाभरच सारण, मध्यभागी न ठेवता जरा अलीकडे. कडेला दुधाचं बोट, दुमड, दाब, मग मुरड. अंगठ्यानं कड उचलायची, तर्जनीनं आत वळवून दाबायची, पुढे सरकायचं. कातण्यानं कापलं तर दिसतं छान, पण फळाच्या सारणाला मुरडच हवी. दुहेरी वळलेली कड वाफेला दाद देत नाही. वाफेसाठी वरून सुरीच्या टोकानं दोन चिरा द्या. वीस मिनिटं फ्रीजमध्ये, मग दोनशे अंशांवर बारा मिनिटं, एकशे ऐंशीवर आणखी पंधरा. चिरांमधून सारण तांबडं होऊन चकाकायला लागलं की झालं. लगेच चावू नका, आतला गर जिभेला चटका देतो.

या करंज्या मी करते त्या तारिहाळसाठी. तिथल्या औद्योगिक वसाहतीत आमच्या दिरांची शेड आहे, लेथ आणि वेल्डिंगची. दुपारी चारच्या चहाला बाहेरच्या गाड्यावरून गिरमिट आणि मिरची भजी येते, ती हुबळीची शान आहे आणि तिला कुणी हात लावू नये. पण गिरमिट खायला दोन्ही हात आणि बसायला जागा लागते. मशीनवर उभ्या माणसाला एका हातात मावेल, सांडणार नाही, चमचा मागणार नाही असं काहीतरी हवं. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये कथलाच्या खाणीत उतरणारे लोक असंच जेवण नेत. त्यांची पेस्टी म्हणजे मांस, बटाटा, कांदा आणि सलगम भरलेली थोराड करंजीच. २०११ पासून युरोपात त्या नावाला भौगोलिक संरक्षण मिळालं, आणि त्यात मुरड बाजूलाच हवी अशी अट आहे. खाणकामगार मळक्या हातानं मुरडीला धरून खात आणि शेवटी मुरड टाकून देत, अशी कथा तिथे सांगतात. आमच्या शेडमध्ये मुरड टाकणारा अजून भेटला नाही. बटर पेपरात गुंडाळून दिल्या की ग्रीसच्या हातांचा प्रश्नच मिटतो.

पहिल्यांदा डबा उघडला तेव्हा एका जुन्या टर्नरनं करंजी उजेडाकडे धरून निरखली. “वैनी, ह्यात पेरल हण्णू हाय? मग बिया कुठं गेल्या?”

“पुरणयंत्रात राहिल्या, मामा.”

“आमची अव्वा करजीकाई करत होती नागपंचमीला. पुटाणीचं पीठ न् गूळ. लई आवडायची,” असं म्हणून ते जरा थांबले, आणि दुसरी उचलली. “ही बी करजीकाईच की.”

मला हे ऐकून बरं वाटलं, कारण ते खरंच आहे. धारवाड जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, पण इथल्या चुलींनी त्याच्या कितीतरी आधीपासून एकमेकींकडून घेतलं आहे. करजीकाई, करंजी, गोव्याची नेवरी, कानवला. गौरी परत निघाल्या की कित्येक घरांत मुरडीचा कानवला करतात, माघारी यावं म्हणून. एवढं सगळं ज्या पदार्थानं पोटात घेतलं, त्याला पेरू जड जाणार नाही. हा पदार्थ पेस्ट्रीचं नाव लावून शहरातल्या काचेच्या कपाटात जाऊन बसावा असं मला वाटत नाही. तो डब्यातून शेडमध्ये जावा, शाळेत जावा, हुबळी-पुणे प्रवासात बरोबर असावा.

सगळीच फळं पेरूसारखी शहाणी नसतात. चिकूत आंबटपणा नाही आणि धरही नाही; त्याला खव्याचा आधार द्यावा लागतो. अननस चिरून घालाल तर पाणी सुटेल, किसून कोरडा होईपर्यंत परता. केळं भाजल्यावर करडं पडतं, पण गुळात परतलेलं राजेळी केळं वेगळंच लागतं. धारवाडजवळच्या केलगेरीचा हापूस कोकणच्या मागून येतो. त्याचा रस आधी बिनसाखरेचा निम्म्यावर आटवा, मग चव बघा, बहुतेक वेळा साखर लागतच नाही. मात्र तेव्हा मे महिना असतो, तूप थिजणार नाही. त्यासाठी थंडीतच साट्याच्या लाट्या करून फ्रीझरमध्ये ठेवून द्या. भरलेल्या कच्च्या करंज्याही तशाच ठेवता येतात. काढल्यावर वितळू न देता थेट ओव्हनमध्ये घालायच्या, फक्त सात-आठ मिनिटं जास्त.